न्यू ऑर्लिन्स: इतिहास, पाहण्यासारखी ठिकाणं आणि रोजचं राहणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेल्या या शहरात कुणी शिकायला येतं, कुणी नोकरीला, कुणी चार दिवसांच्या परिषदेला. मुला-मुलींकडे सहा महिने राहायला येणारे आई-वडीलही असतात. या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर बदलतात, तेवढे निघण्याआधी पडताळून घ्या.

१. शहराचं नाव नेमकं कसं म्हणायचं? रस्त्यांची नावं सांगितली तर ड्रायव्हरला कळत नाहीत.

गावातले लोक 'न्यू ऑर्लन्स' किंवा 'न्यू ऑर्लिअन्स' म्हणतात, जोर 'ऑर'वर. 'ऑर्लीन्स' असा लांब उच्चार ऑर्लीन्स पॅरिश आणि ऑर्लीन्स अव्हेन्यू या दोन नावांपुरता. शहर ज्या अमेरिकी राज्यात आहे त्या लुईझियानात जिल्ह्याला काउंटी न म्हणता पॅरिश म्हणतात आणि इथे शहर व पॅरिश यांची हद्द एकच आहे.

रस्त्यांची नावं फ्रेंच दिसली तरी फ्रेंचसारखी उच्चारू नका. बरगंडी स्ट्रीटचा जोर मधल्या 'गन'वर येतो. चार्ट्रेसला 'चार्टर्स' म्हणतात, कॅलायोपीला 'कॅलिओप'. सगळ्यात अवघड स्पेलिंगच्या रस्त्याचं नाव 'चॉपिटूलस'.

२. इतक्या दलदलीत शहर वसवलं कुणी आणि का?

१७१८ मध्ये फ्रेंचांच्या वतीने बियाँव्हील या अधिकाऱ्याने. नाव दिलं फ्रान्सचा तेव्हाचा राजप्रतिनिधी ड्यूक ऑफ ऑर्लेआँ याचं. पण जागा निवडण्याचं ज्ञान स्थानिक आदिवासींचं होतं. समुद्रातून नदीच्या मुखाने वर येणं शिडाच्या जहाजांना फार जड जाई. त्याऐवजी मागच्या बाजूने पाँचर्ट्रेन सरोवरात शिरायचं, बायू सेंट जॉन या ओढ्याने आत यायचं आणि थोडं अंतर पायी तोडून नदीकाठ गाठायचा, ही वाट त्यांच्या पायाखालची होती. चॉक्टॉ भाषेत या जागेला 'बुलबांचा' म्हणत, म्हणजे अनेक भाषा बोलल्या जातात ती जागा.

दुसरं कारण जमिनीचं. दर पुरात नदी काठावर जड गाळ टाकते, त्यामुळे काठ आपोआप उंच होतो. बियाँव्हीलला त्या उंच पट्ट्यावर जागा मिळाली. पुढची बरीच उत्तरं याच पट्ट्याशी येऊन ठेपतात.

३. फ्रेंच क्वार्टरमधल्या इमारती खरंच फ्रेंच आहेत का?

शहराचा हा सगळ्यात जुना भाग, पण इमारती बहुतेक फ्रेंच नाहीत. फ्रान्सने १७६२ मध्ये हा मुलूख स्पेनला दिला. १७८८ च्या आगीत ८५६ इमारती जळाल्या, १७९४ मध्ये आणखी २१२. नंतर जे उभं राहिलं ते स्पॅनिश अमदानीतल्या नियमांनी आणि पुढे अमेरिकी काळात. म्हणून इथे विटांच्या भिंती, आतले चौक आणि लोखंडी गॅलऱ्या दिसतात. फ्रेंच काळातली ठळक वाचलेली वास्तू म्हणजे चार्टर्स स्ट्रीटवरचं अर्सुलाइन कॉन्व्हेंट. ते सन १७५३ च्या सुमारास पूर्ण झालं. रस्त्यांची चौकट मात्र १७२१ मध्ये आखलेली, आजही तशीच आहे.

पुढे स्पेनने हा मुलूख फ्रान्सला परत दिला आणि १८०३ मध्ये अमेरिकेने नेपोलियनकडून सगळा लुईझियाना प्रदेश दीड कोटी डॉलरना घेतला. त्याचं हस्तांतर २० डिसेंबर १८०३ रोजी कॅबिल्डो या इमारतीत झालं. जॅक्सन स्क्वेअरवर कॅथीड्रलला तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताची ती. आत संग्रहालय आहे.

४. अख्खं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे का?

नाही, साधारण निम्मं. नदीकाठचा पट्टा (फ्रेंच क्वार्टर, मॅरिन्यी, गार्डन डिस्ट्रिक्ट, अपटाउनचा नदीकडचा भाग) समुद्रसपाटीच्या काही फूट वर आहे. तिथून सरोवराकडे जाल तशी जमीन उतरते. लेकव्ह्यू, ब्रॉडमूर, जेंटिलीचे काही भाग आणि ईस्ट न्यू ऑर्लिन्स सपाटीच्या कित्येक फूट खाली आहेत. मध्ये मेटारी-जेंटिलीचा एक उंच कणा जातो. तो नदीच्या जुन्या फाट्याने टाकलेल्या गाळाचा.

ही जमीन सुरुवातीपासून इतकी खोल नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठे पंप बसले, दलदल उपसली गेली आणि तिथे वस्ती झाली. दलदलीची माती म्हणजे निम्मा कुजका पाला. पाणी काढल्यावर ती सुकते, हवा लागून जिरते आणि बसते. जमीन बसली की आणखी उपसावं लागतं, उपसलं की आणखी बसते. रस्त्यांवरचे खड्डे, तिरकी झालेली घरं आणि फुटणाऱ्या पाण्याच्या नळ्या यांचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

५. मग नदीला पूर आला की शहर बुडतं का? कॅटरिना चक्रीवादळात तेच झालं ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. नदी वाढते वसंतात, उत्तरेचा बर्फ वितळून. तिच्या बांधांना इथे 'लेव्ही' म्हणतात आणि ते भक्कम आहेत. शहराच्या वरच्या अंगाला १९३१ मध्ये पूर्ण झालेला बॉने कॅरे सांडवा आहे. शहराजवळून जाणारा प्रवाह सेकंदाला साडेबारा लाख घनफुटांच्या वर जाईल अशी चिन्हं दिसली की तो उघडतात आणि जास्तीचं पाणी सरोवरात सोडतात.

२९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिनात पाणी समुद्राकडून सरोवरात आणि कालव्यांत लोटलं गेलं. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यावरून जाण्याआधीच खालच्या भुसभुशीत मातीवरून सरकल्या. लोअर नाइन्थ वॉर्डाच्या कडेला इंडस्ट्रियल कालव्याची भिंत कोसळली. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ते पाणी आठवडे राहिलं, कारण वाटीत पडलेलं पाणी आपणहून बाहेर जात नाही. भिंतींच्या रचनेत चूक होती हे त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने पुढच्या वर्षी मान्य केलं. म्हणून गावातले लोक कॅटरिनाला 'नैसर्गिक आपत्ती' म्हटलेलं सहन करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

त्यानंतर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून नवे बांध, दरवाजे आणि कालव्यांच्या तोंडाशी पंप उभे राहिले. लोकसंख्या २००० मध्ये ४,८४,६७४ होती, २०२० मध्ये ३,८३,९९७. गेलेले सगळे परतले नाहीत.

६. पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण कुणीच म्हणत नाही. दिशा कशा समजून घ्यायच्या?

चार शब्द लक्षात ठेवा: रिव्हरसाइड (नदीकडे), लेकसाइड (सरोवराकडे), अपटाउन (प्रवाहाच्या वर) आणि डाउनटाउन (प्रवाहाच्या खाली). नदी इतकी वळते की होकायंत्राचा उपयोग होत नाही. 'वेस्ट बँक' म्हणवणारा भाग कॅनाल स्ट्रीटवरून चक्क पूर्वेला दिसतो आणि सूर्य तिकडून उगवतो.

कॅनाल स्ट्रीट ओलांडला की रस्त्यांची नावं बदलतात: रॉयलचा सेंट चार्ल्स होतो, बोर्बनचा कॅरोंडलेट, चार्टर्सचा कँप. घरांचे क्रमांकही तिथूनच नव्याने सुरू होतात. रस्त्याच्या मधल्या दुभाजकाला इथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. कॅनाल स्ट्रीटच्या एका बाजूला क्रिओल (फ्रेंच-स्पॅनिश काळापासूनचे जुने रहिवासी) आणि दुसरीकडे नवे अमेरिकी राहत. मधली पट्टी दोघांचीही नव्हती, त्यावरून हा शब्द पडला.

७. गाडी नसेल तर चालतं का? स्ट्रीटकारचं तिकीट कसं काढायचं?

चार-पाच दिवस फिरायला आलात तर गाडी नकोच, पार्किंगचाच खर्च अंगावर येईल. राहायचं असेल तर कुठे राहता यावर आहे. अपटाउन, मिड-सिटी आणि क्वार्टरलगतच्या भागात सायकल आणि स्ट्रीटकारवर (म्हणजे ट्रामवर) निभतं, बाकी ठिकाणी कठीण.

स्ट्रीटकारला १.२५ डॉलर लागतात. डब्यात रोख टाकणार असाल तर सुटे पैसे बरोबर न्या, चालक मोड देत नाही. दिवसभराचा पास ३ डॉलर, तो फोनवरच्या 'ल पास' ॲपमधूनही निघतो. सेंट चार्ल्स लाइन १८३५ पासून चालू आहे. तिचे हिरवे डबे १९२० च्या दशकातले असून त्यांत वातानुकूलन नाही. लाकडी बाक, पितळी कड्या, आणि वर सरकवायच्या खिडक्या. शेवटच्या थांब्यावर चालक बाकांच्या पाठी उलट्या सरकवतो, म्हणजे परतीलाही तोंड पुढेच राहतं. जुलैच्या दुपारी आजी-आजोबांना घेऊन निघाला असाल तर कॅनाल लाइनचे लाल डबे बरे, ते थंड असतात.

फेरी कॅनाल स्ट्रीटच्या टोकावरून अल्जियर्स पॉइंटला जाते, भाडं २ डॉलर. संध्याकाळी पलीकडच्या बांधावरून शहर पाहा. पैसे देऊन घेतलेल्या कित्येक सहलींपेक्षा हे सुंदर आहे. तिथे नदी साधारण २०० फूट खोल आहे, आणि पृष्ठभागावरच्या भोवऱ्यांतून ते जाणवतं. पाण्यात पाय घालू नका.

८. तीन दिवस आहेत. काय बघायचं आणि काय सोडायचं?

पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आत क्वार्टरमध्ये पोहोचा. रस्ते नुकते धुतलेले असतात आणि गर्दी नसते. जॅक्सन स्क्वेअर, कॅबिल्डो, अर्सुलाइन कॉन्व्हेंट करून दुपारी ट्रेमे वस्ती आणि काँगो स्क्वेअरला जा (प्रश्न ९). रात्री संगीताला बोर्बन स्ट्रीटऐवजी फ्रेंचमेन स्ट्रीट गाठा. क्वार्टरमधला प्रिझर्व्हेशन हॉल हे जॅझचं छोटं सभागृह १९६१ पासून चालू आहे. कार्यक्रम तासाभराच्या आत संपतो, तिकीट आधी काढा.

दुसरा दिवस राष्ट्रीय दुसरं महायुद्ध संग्रहालयाला द्या, अख्खा. ते इथे असण्याचं कारण म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स होड्या याच शहरात बांधल्या गेल्या. दलदलीत चालतील अशा उथळ तळाच्या होड्या बनवण्याचं कसब तिथे कामी आलं.

तिसऱ्या दिवशी स्ट्रीटकारने गार्डन डिस्ट्रिक्ट आणि ऑडबन पार्क, किंवा सिटी पार्कचे शेकडो वर्षांचे ओक आणि तिथली विनामूल्य शिल्पबाग. दलदल पाहायची असेल आणि गाडी असेल तर बराटेरिया संरक्षित क्षेत्रात लाकडी पायवाटेवरून फुकट फिरता येतं. मगरी दिसतातच. त्यांना खाऊ घालणाऱ्या बोटसहली आम्ही सुचवत नाही.

९. गुलामगिरीचा इतिहास कुठे दिसतो? सगळीकडे नुसते वाडे आणि बागा दाखवतात.

यादवी युद्धाआधी देशातला सगळ्यात मोठा गुलामबाजार इथे होता. चार्टर्स आणि एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर त्या कोंडवाड्यांबद्दल माहितीफलक आहे. सेंट लुईस हॉटेलच्या घुमटाखाली माणसांचे लिलाव होत. ती इमारत पाडली, पण चार्टर्स स्ट्रीटच्या बाजूच्या दगडी कमानीवर 'एक्स्चेंज' या शब्दातली 'चेंज' एवढी फिकट अक्षरं अजून आहेत. मान वर करून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

काँगो स्क्वेअर आता आर्मस्ट्राँग पार्कमध्ये आहे. रविवारी गुलामांना तिथे जमायची, नाचायची, बाजार भरवायची मुभा होती. आफ्रिकी ताल इथे जिवंत राहिला आणि पुढे जॅझमध्ये उतरला. प्रेस आणि रॉयल स्ट्रीटच्या नाक्यावर होमर प्लेसी या मिश्रवंशीय माणसाला ७ जून १८९२ रोजी रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल अटक झाली. त्या खटल्याच्या १८९६ च्या निकालाने वर्णभेदाला कायद्याचं छत्र मिळालं.

मळे पाहायचेच असतील तर तासाभरावरचं व्हिटनी निवडा. तिथली मांडणी मालकांच्या वाड्याभोवती नसून गुलामांच्या नावांभोवती आहे.

१०. इथे थडगी जमिनीवर का बांधतात? आत जाऊन पाहता येतं का?

दोन कारणं. जमिनीखाली हातभरावर पाणी लागतं. आणि फ्रेंच-स्पॅनिश लोकांकडे वर बांधलेल्या कबरींची रीत होतीच. फक्त पाण्याचं कारण सांगतात ते अर्धंच आहे.

एका कबरीत पिढ्यान्‌पिढ्या दफन होतं. पेटी आत ठेवून तोंड विटांनी बंद करतात आणि 'एक वर्ष आणि एक दिवस' उघडत नाहीत. उन्हाळ्यात आत भट्टी पेटल्यासारखी उष्णता असते. मुदतीनंतर उरलेल्या अस्थी मागे सारून खालच्या खड्ड्यात टाकतात आणि जागा पुढच्यासाठी मोकळी होते. मुदतीत कुटुंबात दुसरा मृत्यू झाला तर ती पेटी तात्पुरत्या भाड्याच्या कबरीत ठेवतात.

१७८९ चं सेंट लुईस क्रमांक १ हे सगळ्यात जुनं. कबरींची नासधूस वाढल्यामुळे २०१५ पासून तिथे परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. घरच्यांची कबर असलेल्यांना वेगळा परवाना मिळतो. कॅनाल स्ट्रीटकारच्या 'सेमेटरीज' या शेवटच्या थांब्याभोवती अनेक दफनभूमी आहेत, तिथे दिवसा मोकळेपणी फिरता येतं.

११. मार्डी ग्रा कधी असतो? तिकीट लागतं का? लहान मुलांना न्यावं का?

मार्डी ग्रा म्हणजे कार्निव्हलच्या हंगामाचा शेवटचा दिवस, ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार. २०२७ मध्ये ९ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २९ फेब्रुवारी. हंगाम मात्र ६ जानेवारीलाच सुरू होतो, आणि मोठ्या मिरवणुका शेवटच्या दोन आठवड्यांत निघतात.

मिरवणूक पाहायला तिकीट नाही. खर्च 'क्रू' नावाची मंडळं आपल्या वर्गणीतून करतात, कंपन्यांच्या जाहिरातींना मिरवणुकीत मनाई आहे. आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची ज्यांना सवय आहे त्यांना मंडळांची चुरस लगेच कळेल. जांभळा, हिरवा आणि सोनेरी हे रंग १८७२ च्या रेक्स मंडळापासूनचे.

मुलांना जरूर न्या, पण सेंट चार्ल्स अव्हेन्यूवर, नेपोलियन अव्हेन्यूच्या जवळ. बोर्बन स्ट्रीटचा धिंगाणा ही वेगळीच गोष्ट आहे आणि मोठ्या मिरवणुका त्या अरुंद गल्ल्यांतून १९७० च्या दशकापासून जातही नाहीत. मुलांना मिरवणूक दिसावी म्हणून लोक शिडीवर बसायची खुर्ची ठोकून आणतात. ती शिडी रस्त्याच्या कडेपासून सहा फूट मागे हवी. मिरवणुकीतून मण्यांच्या माळा फेकतात; माळ जमिनीवर पडली तर हाताने उचलू नका, आधी पाय ठेवा. चाकांखाली आणि पायांखाली बोटं सापडतात.

मिरवणुकीच्या मार्गाच्या आतल्या भागाला 'बॉक्स' म्हणतात. एकदा मार्ग बंद झाला की बॉक्समधली गाडी तासन्‌तास बाहेर निघत नाही. त्या दिवशी डॉक्टरची वेळ किंवा विमान असेल तर गाडी आदल्या रात्रीच बाहेर लावा.

फेकलेल्या माळांचं पुढे काय होतं? २०१८ मध्ये सेंट चार्ल्सच्या पाच चौकांमधली गटारं साफ केली तेव्हा सुमारे ४२ टन माळा निघाल्या. आता मंडळं हळूहळू कापडी आणि वापरण्याजोग्या वस्तूंकडे वळत आहेत.

१२. 'सेकंड लाइन' म्हणजे काय? अनोळखी माणसाने त्यात नाचलेलं चालतं का?

चालतं, ही मिरवणूक त्यासाठीच असते. मंडळ आणि बँड ही पहिली ओळ, मागून नाचत येणारे लोक म्हणजे दुसरी. उन्हाळा सोडून बहुतेक रविवारी दुपारी एखाद्या कृष्णवर्णीय वस्तीतून निघते आणि चारेक तास चालते. ही मंडळं मुळात एकमेकांच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च उचलण्यासाठी निघाली. मंडळाच्या दोरीच्या आत शिरू नका. खायला-प्यायला तिथल्याच हातगाड्यांवरून घ्या.

पिसांचे आणि मण्यांचे भव्य पोशाख घालणारे ब्लॅक मास्किंग इंडियन्स (अमेरिकी आदिवासींच्या धर्तीवर सजणारे कृष्णवर्णीय) मार्डी ग्राच्या दिवशी आणि १९ मार्चच्या आसपासच्या 'सुपर संडे'ला दिसतात. एकेक पोशाख वर्षभर हाताने टाके घालून होतो आणि पुढच्या वर्षी नवा शिवतात. फोटो विचारून काढा.

१३. शाकाहारी माणसाने इथे काय खावं?

फसगत होते ती न दिसणाऱ्या मांसाची. राजम्यासारख्या 'रेड बीन्स अँड राइस'मध्ये डुकराचं मांस शिजवलेलं असतं. 'ग्रीन गंबो' हा दाट रस्सा पालेभाज्यांचा असला तरी बहुधा त्यात मांस असतं. मक्याच्या 'मॅक शू'मध्ये बेकन पडतं. म्हणून 'व्हेजिटेरियन आहे का' एवढंच विचारू नका. 'यात हॅम, चिकनचं पाणी, चरबी किंवा झिंगा आहे का' असं नाव घेऊन विचारा.

बिनघोर चालणारे पदार्थही आहेत. चिकरी घातलेली कॉफी निम्म्या गरम दुधात मिळते, आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या जवळची. बेन्ये म्हणजे पिठीसाखरेत बुडवलेली चौकोनी तळलेली पोळी. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं, आणि खाताना श्वास बाहेर सोडू नये, साखर उडते. उन्हाळ्यात 'स्नोबॉल' हा बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी पेल्यात आणि बर्फ पिठासारखा बारीक. पो-बॉय सँडविच 'ड्रेस्ड' मागितलं की लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयोनीज येतं. त्यात तळलेलं वांगं किंवा फ्रेंच फ्राइज भरून देणारी दुकानं आहेत.

घरी रेड बीन्स करायचे तर: ४५० ग्रॅम बीन्स रात्रभर भिजवा. दोन कांदे, एक ढोबळी मिरची आणि तीन दांडे सेलरी बारीक चिरून तेलात मऊ परता. या तिघांना इथे 'ट्रिनिटी' म्हणतात. लसूण, तमालपत्र आणि धुरकट पॅप्रिका घाला, बीन्स आणि पाणी घालून कुकरला शिजवा. मग वाटीभर बीन्स ठेचून परत ढवळा, दाटपणा त्यानेच येतो. स्लो कुकरमध्ये भिजवलेले कच्चे बीन्स थेट टाकू नका. मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही आणि पोट बिघडतं. आधी दहा मिनिटं खळखळून उकळा.

आणि गंबो हा शब्द मुळात भेंडीचाच. पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या लोकांच्या भाषेतून तो इथे आला.

१४. घर भाड्याने घेताना काय तपासायचं?

आधी जोतं पाहा. जुनी 'शॉटगन' घरं साधारण बारा फूट रुंद असतात, खोल्या एकामागे एक, मध्ये बोळ नाही, आणि विटांच्या खांबांवर दोन-तीन फूट उचललेली. मधल्या खोलीतून सगळ्यांची ये-जा होणार, तेव्हा अनोळखी जोडीदाराबरोबर घेताना विचार करा. युद्धानंतरच्या वसाहतींतली घरं मात्र थेट जमिनीवरच्या काँक्रीटवर आहेत. तीच पहिली भिजतात.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा: घरात कधी पाणी शिरलं होतं, रस्त्यावर किती वेळा साठतं, आणि जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल किती आलं होतं. समोरच्या गटाराची जाळी पानांनी बुजली आहे का ते स्वतः पाहा. पूर-नकाशावर 'एक्स' विभाग दिसला म्हणजे पाणी येणार नाही असं नव्हे. तिथे बँक विम्याची सक्ती करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळवीची पाहणी वेगळी (प्रश्न १९).

१५. घराचा विमा आहे. पूरविमा वेगळा लागतो का?

हो. छप्पर उडून वरून आलेलं पाणी घराच्या विम्यात येतं, जमिनीवरून आत आलेलं पाणी त्यात येत नाही. सरकारी पूरविम्यात इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात. भाडेकरूला फक्त सामानाचा घेता येतो आणि तो घ्यावाच.

तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळ आखातात आल्यावर धावपळ करून काही उपयोग नाही. मुख्य अपवाद: गृहकर्ज घेताना बँकेच्या अटीमुळे काढलेला विमा लगेच लागू होतो.

घराच्या विम्यात 'नेम्ड स्टॉर्म' वजावट बघा. ती ठरावीक रकमेत नसून विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असते. तीन लाखांच्या विम्याला ५ टक्के म्हणजे पहिले १५,००० डॉलर तुमचे. गाडी बुडाली तर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विमाच कामाला येतो.

१६. पाऊस सुरू झाला की लोक गाड्या दुभाजकावर का चढवतात? दंड होत नाही का?

दुभाजक रस्त्यापेक्षा थोडा उंच असतो. मोठ्या पावसाचा इशारा असला की शहर त्या वेळेपुरता दंड माफ करतं आणि तसं जाहीर करतं. जाहीर झालं नसेल तर दंड होतो. स्ट्रीटकारच्या रुळांवर आणि चौकाच्या तोंडाशी गाडी कधीच लावू नका.

पंपांची क्षमता पहिल्या तासाला एक इंच आणि पुढे दर तासाला अर्धा इंच अशी सांगितली जाते. मुंबईच्या ब्रिटिशकालीन गटारांचा हिशेबही तासाला २५ मिलिमीटरचाच होता, त्यामुळे मुंबईकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फरक असा की इथे ओहोटीची वाट पाहून भागत नाही, प्रत्येक थेंब उपसूनच सरोवरात टाकावा लागतो. त्यासाठीचे काही पंप ए. बाल्डविन वूड या अभियंत्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेचे आहेत. ते २५ हर्ट्झ विजेवर चालतात. बाहेरची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे वेगळी निर्मिती किंवा रूपांतर करावं लागतं. त्या साखळीतला एक दुवा निखळला की साध्या पावसातही रस्ते भरतात.

१७. चक्रीवादळ येतंय असं कळलं तर थांबायचं की निघायचं?

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबर. घरात वृद्ध, तान्हं बाळ किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र असेल तर श्रेणी कोणतीही असो, निघा. २९ ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळात बांध टिकले, पण शहराला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या गेल्या. नंतरच्या उकाड्याने माणसं दगावली.

सक्तीच्या स्थलांतराची वाट पाहू नका. उलट दिशेच्या मार्गिकाही बाहेर जाण्यासाठी उघडायला सुमारे ७२ तास लागतात, आणि आयडा इतक्या झपाट्याने वाढलं की सक्ती जाहीर करायला वेळच उरला नाही. वादळ पोहोचायच्या ४८ तास आधी टाकी भरून निघालेला माणूस सुखी. गाडी नसेल तर शहरात १७ 'इव्हॅक्युस्पॉट' आहेत, हात उंचावलेल्या पोलादी माणसाचा चौदा फुटी पुतळा ही खूण. तिथून सरकारी बस नेते. शहराच्या 'नोला रेडी' सूचना फोनवर आधीच सुरू करून ठेवा.

निघताना फ्रीज रिकामा करा, विशेषतः मासे आणि मांस. फ्रीझरमध्ये पाण्याचा पेला गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं, म्हणजे अन्न टाकून द्या. पासपोर्ट, आय-२० किंवा व्हिसाचे कागद, विम्याचे कागद, महिन्याची औषधं आणि रोख पैसे बरोबर घ्या. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भरपाई मागताना लागतो. मागे थांबणाऱ्यांनी जनरेटर खिडकीपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर ठेवावा. वादळानंतर त्याच्या धुरानेही लोक मरतात.

१८. 'पाणी उकळून प्या' असा इशारा आला. नेमकं काय करायचं?

पंपांची वीज गेली की नळ्यांतला दाब पडतो आणि बाहेरचं दूषित पाणी आत ओढलं जाण्याची शक्यता निर्माण होते. पिणं, स्वयंपाक, दात घासणं, भाज्या धुणं आणि बर्फ यांसाठी पाणी खळखळून एक मिनिट उकळा. गाळणीचा जग पुरेसा नाही. अंघोळ चालते, पाणी तोंडात जाऊ देऊ नका. इशारा उठल्यावर थंड पाण्याचे नळ काही मिनिटं सोडून ठेवा आणि जुना बर्फ टाका.

जलनेती करणाऱ्यांसाठी खास: इशारा नसतानाही नळाचं पाणी नाकात घालू नका. २०११ मध्ये लुईझियानात अशाने मेंदूचा अमीबा-संसर्ग होऊन दोघांचा मृत्यू झाला. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा.

१९. मे महिन्यात दिव्याभोवती हजारो पंखवाले किडे येतात. काय करायचं?

ती फॉर्मोसन वाळवी. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून आलेल्या लष्करी मालाच्या लाकडी खोक्यांतून इथे पोहोचली. मे-जूनमधल्या दमट, वारा नसलेल्या संध्याकाळी साडेआठच्या सुमारास उठते. तासभर ओसरीचे आणि घरातले दिवे बंद ठेवा, तेवढ्यात ओसरते. बाहेर दिसली तर काळजी नाही. सकाळी घराच्या आत, खिडकीच्या चौकटीखाली पंखांचा ढीग सापडला तर वाळवी आतच आहे असं समजून त्याच दिवशी घरमालकाला लेखी कळवा.

२०. रस्त्यावर दारू पिता येते म्हणे. आणि रात्री फिरणं सुरक्षित आहे का?

वय २१ पूर्ण असेल तर प्लॅस्टिकच्या पेल्यातून येते, काचेची बाटली नको. क्वार्टरमध्ये गर्दीच्या रस्त्यांवर राहा, रॅम्पार्ट स्ट्रीटकडच्या निर्मनुष्य गल्ल्या रात्री टाळा, गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. 'तुमचे बूट कुठून मिळाले ते मी ओळखतो, पैज?' असं कुणी म्हटलं तर हसून पुढे चला. उत्तर असतं 'बूट तुमच्या पायात, बोर्बन स्ट्रीटवर', इंग्रजीतल्या 'गॉट' या शब्दावरची कोटी. मग तो वीस डॉलर मागतो.

२१. या शहराचा आपल्याकडशी काही जुना संबंध आहे का?

आहे, कापसाचा. यादवी युद्धाआधी न्यू ऑर्लिन्स हे कापसाचं जगातलं आघाडीचं निर्यात बंदर होतं. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईतली ती शेअर-तेजी आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच आलेली धूळधाण, दोन्हींची दोरी इथे बांधलेली आहे.

माणसांचा संबंधही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले भरतकामाचं कापड विकत इथे आले, ट्रेमेत राहिले आणि काहींनी तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत लग्नं केली.

२२. इथे कायदा वेगळा आहे असं ऐकलं. घर किंवा मृत्युपत्र असेल तर काय फरक पडतो?

लुईझियानाचा दिवाणी कायदा फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतला आहे. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक धरतात. २३ वर्षं वयापर्यंतच्या, किंवा कायमच्या अपंगत्वामुळे स्वतःचं पाहू न शकणाऱ्या अपत्याला मृत्युपत्रात सहसा पूर्ण डावलता येत नाही. दुसऱ्या राज्यातून येताना आणलेलं मृत्युपत्र म्हणून एकदा इथल्या वकिलाला दाखवा.

२३. समुद्राचं खारं पाणी नळाला येऊ शकतं का?

शहराच्या खूप वरपर्यंत नदीचा तळ समुद्रसपाटीखाली आहे. नदीचा जोर कमी झाला की जड खारं पाणी तळाशी पाचरीसारखं वर सरकतं. २०२३ च्या दुष्काळात ते इतकं वर आलं की नदीच्या तळावर पाण्याखाली बांध घालून अडवावं लागलं. खालच्या प्लॅकमिन्स पॅरिशमध्ये नळाचं पाणी खारट झालं. शहरापर्यंत ते पोहोचलं नाही, पण दुकानांतलं बाटलीबंद पाणी आठवडाभरात संपलं होतं.

असा इशारा आला तर प्रश्न १८ मधला उपाय चालत नाही. उकळल्याने पाणी कमी होतं, मीठ तेवढंच राहतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी मीठ वर्ज्य असलेल्यांनी आणि बाळाचं दूध पावडरपासून करणाऱ्यांनी बाटलीबंद पाणी वापरावं. माणशी दिवसाला चार लिटर धरा आणि दोन आठवड्यांचा साठा शरद ऋतूच्या सुरुवातीलाच करून ठेवा, कारण नदी सगळ्यात खाली जाते ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.